मूळ काळे, टोक पांढरे

'पी हळद नि हो गोरी' ही म्हण जुनी असली तरी तिच्यातली घाई जुनी झालेली नाही. हळदीच्या जागी आता गोळी आली आहे. सकाळी नाश्त्यानंतर एक कॅप्सूल, रात्री टाळूवर सीरमचे चार थेंब, आठवड्यातून दोनदा माका-आवळ्याचे तेल, रविवारी लेप आणि या सगळ्याला साजेसा वेगळा शाम्पू. पांढरे केस कमी करण्याचा असा तीन महिन्यांचा 'कोर्स' आज औषधाच्या दुकानात मिळतो, मोबाइलवर दिसतो आणि मैत्रिणीच्या शिफारशीवरूनही घरात येतो. महिन्याला हजार-दोन हजार रुपये त्यात सहज जातात. 'करून बघायला काय हरकत आहे?' हा त्यामागचा सार्वत्रिक युक्तिवाद.

हरकत घेण्याचा प्रश्न नाही. आपल्या केसांचे काय करायचे हे ज्याचे त्याने ठरवावे. कोणी रंगवावेत, कोणी तसेच ठेवावेत. मात्र 'करून बघणे' म्हणजे काय, याचा विचार फारसा होत नाही. कोणता पांढरा केस पुन्हा काळा होऊ शकतो आणि कोणता नाही, गोळीचा उपयोग झाला हे ओळखायचे कसे, आणि पिकणाऱ्या केसांमागे एखादी खरी कमतरता असेल तर ही गोळी ती झाकून तर टाकणार नाही ना, हे तीन प्रश्न पहिली कॅप्सूल घेण्याआधी विचारायला हवेत. तिसऱ्या प्रश्नात पैशांपेक्षा बरेच काही पणाला लागलेले असते.

केस पिकतो म्हणजे काय?

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. प्रत्येक केसाच्या मुळाशी, त्वचेच्या आत, केस घडवणाऱ्या पेशींच्या शेजारी रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. त्या मेलॅनिन हे रंगद्रव्य बनवून वाढत्या केसात भरतात. केस त्वचेबाहेर आला की तो निर्जीव धागा असतो. त्यात रक्त पोहोचत नाही, पेशी नसतात, दुरुस्ती होत नाही. म्हणून बाहेर आलेला पांढरा केस कोणत्याही गोळीने काळा होऊ शकत नाही. बदल व्हायचा असेल तर तो मुळाशी आणि त्यानंतर उगवणाऱ्या भागातच होईल.

केस काही वर्षे वाढतो, मग काही महिने विश्रांती घेतो आणि गळतो. त्याच जागी नवा केस येताना रंगपेशींचीही नवी तुकडी लागते. ती राखीव मूळपेशींमधून येते. हा राखीव साठा संपत गेला किंवा त्यातील पेशी कामावर येईनाशा झाल्या की केस रंगाविना उगवतो. अमेरिकेतील न्यूयॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये उंदरांवरील अभ्यासातून दाखवले की वयाबरोबर या मूळपेशी एका जागी अडकून पडतात. त्यांची ये-जा थांबते आणि रंग बनवणाऱ्या पेशींत त्यांचे रूपांतर होत नाही.

हे कोणाच्या बाबतीत कधी होणार, हे बरेचसे आनुवंशिकतेवर ठरते. लॅटिन अमेरिकेतील सहा हजारांहून अधिक लोकांच्या अभ्यासातून २०१६ मध्ये केस पिकण्याशी संबंधित 'आयआरएफ४' हे जनुक पुढे आले. वयाचा हिशेबही सगळ्यांना सारखा लागू नाही. पन्नाशीत पन्नास टक्के लोकांचे निम्मे केस पांढरे होतात, असा एक ठोकताळा प्रचलित होता. जगभरातील चार हजारांहून अधिक लोकांच्या २०१२ मधील पाहणीत असे प्रमाण ६ ते २३ टक्केच निघाले. मात्र त्याच पाहणीत ४५ ते ६५ वयोगटातील ७४ टक्के लोकांच्या डोक्यात थोडेफार पांढरे केस होतेच. म्हणजे चाळिशीनंतरचे पिकलेले केस हा आजार नव्हे. आशियाई लोकांमध्ये वयाच्या पंचविशीआधी केस पिकू लागले तरच त्याला वैद्यकशास्त्र 'अकाली' म्हणते.

आशेला आधार आहे, पण केवढा?

पिकलेला केस पुन्हा काळा होतच नाही, असेही म्हणता येणार नाही. कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी २०२१ मध्ये १४ व्यक्तींचे केस अतिशय बारकाईने तपासले. केस ठरावीक गतीने वाढत असल्याने त्याच्या लांबीत गेल्या काही महिन्यांची दैनंदिनीच साठलेली असते. संशोधकांनी केसाच्या रंगातील बदल आणि त्या व्यक्तींनी नोंदवलेले ताणाचे दिवस एकमेकांशी जुळवून पाहिले. काही केस पिकल्यानंतर पुन्हा रंग धरू लागल्याचे त्यांना आढळले. एका व्यक्तीचे पाच केस तर सुट्टीच्या काळात एकाच वेळी काळे होऊ लागले होते.

त्याआधी, २०२० मध्ये, हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी उंदरांमध्ये तीव्र ताणाचा परिणाम दाखवला होता. ताणाच्या वेळी मज्जातंतूंमधून स्रवणाऱ्या नॉरअॅड्रेनलिनमुळे रंगपेशींचा राखीव साठा झपाट्याने संपतो. काही कर्करोगांवरील नव्या औषधांमुळे पिकलेले केस पुन्हा काळे झाल्याच्या नोंदीही वैद्यकीय नियतकालिकांत आहेत.

या आशेची मर्यादाही याच संशोधनात आहे. पाच केस म्हणजे डोके नव्हे. नुकत्याच पिकू लागलेल्या, काठावर असलेल्या केसांत अशी माघार शक्य दिसते. दहा वर्षे पांढऱ्या असलेल्या केसांना सुट्टीवर नेऊन ते काळे होणार नाहीत. आणि या अभ्यासात कोणालाही गोळी दिलेली नव्हती.

संशोधनापासून बाटलीपर्यंत

प्रयोगशाळेतील एक निष्कर्ष बाजारात कसा पोहोचतो, याची दोन उदाहरणे पाहण्यासारखी आहेत.

गेल्या शतकाच्या पूर्वार्धात काळ्या उंदरांना 'ब' गटातील पॅन्टोथेनिक आम्ल हे जीवनसत्त्व न देता वाढवले असता त्यांची लव करडी झाली. ते जीवनसत्त्व पुन्हा सुरू केल्यावर लव काळी झाली. त्यावरून केस काळे ठेवणारे जीवनसत्त्व सापडले, अशी हवा तयार झाली. माणसांवरील चाचण्यांतून मात्र भरवशाचे काही हाती लागले नाही. कारण सरळ आहे. उंदरांमध्ये ती कमतरता मुद्दाम निर्माण केली होती. हे जीवनसत्त्व बहुतेक सर्व अन्नपदार्थांत असल्याने माणसात त्याची कमतरता क्वचितच होते. नसलेली कमतरता भरून काढता येत नाही. तरीही केसांच्या अनेक गोळ्यांच्या वेष्टनावर कॅल्शियम पॅन्टोथेनेट आजही मानाने विराजमान असते.

दुसरे उदाहरण ताजे आहे. ब्रिटन व जर्मनीतील संशोधकांनी २००९ मध्ये दाखवले की पिकलेल्या केसांच्या मुळाशी हायड्रोजन पेरॉक्साइड साठते आणि त्याचे विघटन करणारे कॅटालेज हे विकर तेथे कमी असते. लगोलग कॅटालेजच्या गोळ्या बाजारात आल्या. पण कॅटालेज हे प्रथिन आहे. पोटात गेल्यावर डाळीतील किंवा अंड्यातील प्रथिनासारखेच ते पचते. ते जसेच्या तसे टाळूतल्या केसाच्या मुळाशी पोहोचते, याला पुरावा नव्हता. अशा गोळ्या विकणाऱ्या कंपन्यांवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१५ मध्ये कारवाई केली. केस पिकणे थांबवण्याच्या किंवा उलटवण्याच्या दाव्यांना शास्त्रीय आधार नाही, हा त्यातला आक्षेप होता.

दोन्ही वेळा मूळ संशोधन खोटे नव्हते. त्यापुढची उडी मात्र विक्रेत्यांची होती. आज एखादे सीरम 'संशोधनावर आधारित' असल्याचे सांगते, तेव्हा ते संशोधन कोणावर झाले, पिंजऱ्यातल्या उंदरावर, काचेच्या बशीतल्या पेशीवर की माणसाच्या टाळूवर, एवढे विचारले तरी पुष्कळ धुके विरते.

खरी कमतरता असेल तर

आता महत्त्वाचा भाग. कमी वयात केस पिकण्यामागे काही वेळा दुरुस्त होण्यासारखे कारण असते. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता हे त्यातले प्रमुख कारण. थायरॉइडचे विकार हे आणखी एक. शरीरातील लोहाचा साठा कमी असणे आणि धूम्रपान यांचाही अकाली केस पिकण्याशी संबंध आढळला आहे. बी-१२ ची कमतरता भरून काढल्यावर केसांचा रंग परतल्याची उदाहरणे नोंदवलेली आहेत.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी पुणे आणि परिसरातील ४४१ पुरुषांची तपासणी केली. त्याचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील सुमारे दोन तृतीयांश पुरुषांच्या रक्तात बी-१२ कमी होते. शहरी मध्यमवर्गात तर हे प्रमाण ८० टक्क्यांच्या आसपास होते. बी-१२ मिळते ते दूध-दही, अंडी, मासे आणि मांसातून. पालेभाज्या, डाळी, भाकरी कितीही पौष्टिक असल्या तरी त्यांत ते नसते. शुद्ध शाकाहारी व्यक्ती, मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणारे आणि आम्लपित्ताच्या गोळ्या रोज घेणारे, यांच्यात कमतरतेचा धोका अधिक.

या कमतरतेत केस ही किरकोळ बाब. हातापायांना मुंग्या येणे, चालताना तोल जाणे, जिभेची आग होणे, सतत थकवा, विस्मरण, ही तिची खरी रूपे. वेळेत उपचार झाले नाहीत तर मज्जातंतूंची हानी कायमची राहू शकते.

'तपासणी नको, आधी गोळी सुरू करू' हे धोरण नेमके येथे महागात पडते. केसांच्या गोळ्यांमध्ये बहुधा फॉलिक आम्ल असते. बी-१२ कमी असताना नुसते फॉलिक आम्ल भरपूर मिळाले तर रक्ताचे चित्र सुधारते, पंडुरोग मागे हटतो आणि सारे ठीक आहे असे वाटते. मज्जातंतूंची झीज मात्र आत चालूच राहते. गोळीत थोडेसे बी-१२ असेल तर तेवढ्याने रक्तातील आकडा वर चढतो आणि नंतर तपासणी केली तरी मूळ कमतरता किती खोल होती, का होती, हे कळणे अवघड होते. शोषणातच दोष असेल तर अशा रुग्णाला मोठी मात्रा किंवा इंजेक्शनच लागते. केसांची कॅप्सूल तेथे पुरी पडत नाही.

बायोटिनचे प्रकरण वेगळे. प्रौढ माणसाची दिवसाची गरज सुमारे ३० मायक्रोग्रॅम मानली जाते. केसांच्या गोळीत ते ५ किंवा १० मिलिग्रॅम, म्हणजे गरजेच्या दीडशे ते तीनशे पटींहून अधिक असते. जादा बायोटिन लघवीवाटे निघून जाते, म्हणून ते निर्धोक समजले जाते. पण रक्तात असताना ते काही तपासण्यांचे आकडे बिघडवते. थायरॉइडचा अहवाल चुकीचा येऊ शकतो. हृदयविकाराच्या झटक्याचे निदान करणाऱ्या ट्रोपोनिन चाचणीत आकडा खोटाच कमी दिसू शकतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबाबत इशारा दिला, तेव्हा अशा चुकीच्या अहवालानंतर झालेल्या एका मृत्यूची नोंदही त्यात होती. म्हणून कोणतीही रक्ततपासणी करताना आपण बायोटिन घेतो हे डॉक्टरांना आणि प्रयोगशाळेला सांगणे आवश्यक आहे. सेलेनियम आणि 'अ' जीवनसत्त्व अति झाले तर केस गळतात, हीही या बाजारातली एक विसंगती. जस्त दीर्घकाळ जादा घेतले तर शरीरातील तांबे कमी होते, आणि मेलॅनिन बनवण्यासाठी तर तांबे लागते.

टाळूची निगा: तेल, लेप आणि काळी मेंदी

टाळूची निगा राखण्याला विरोध करण्याचे कारण नाही. कोंडा असेल तर त्यावर उपचार करावेत, टाळू स्वच्छ ठेवावी. मालिशने बरे वाटते, झोपही चांगली लागते. खोबरेल तेल धुण्याआधी लावले तर केसातील प्रथिनांची झीज कमी होते, असे मुंबईतील एका तेल कंपनीच्याच संशोधकांनी २००३ मध्ये दाखवले होते. केस तुटणे कमी होते, चमक येते. हे फायदे खरे आहेत. ते असलेल्या केसाचे आहेत, मुळाशी रंग तयार होण्याचे नव्हेत.

तेल लावल्यावर केस गडद दिसतात हेही खरे. तेलाने केसाचा पृष्ठभाग गुळगुळीत होतो, प्रकाश कमी विखुरतो आणि पांढरा केस उठून दिसत नाही. आवळ्याची पूड लोखंडी कढईत रात्रभर भिजवून केलेल्या लेपाचे रहस्यही असेच सोपे आहे. आवळ्यातील टॅनिन आणि कढईतील लोह यांचा संयोग होऊन काळसर रंग तयार होतो. पूर्वी दौतीतली काळी शाई याच तत्त्वावर बनत असे. म्हणजे आजीचा लेप केस काळे करतो, यात खोटे काही नाही. पण तो रंगवतो, पिकणे थांबवत नाही. रंग म्हणून वापरला तर उत्तम.

'काळी मेंदी' या नावाबाबत मात्र सावध राहावे. मेंदीचा पाला केसाला तांबूस-नारिंगी रंग देतो, काळा नाही. पुडीतून दहा मिनिटांत काळा रंग मिळत असेल तर त्यात बहुधा पॅराफिनिलीनडायअमाइन, म्हणजे पीपीडी, हे रसायन असते. त्याची अॅलर्जी झाली तर टाळूला खाज, कपाळावर पुरळ, डोळ्यांभोवती सूज येते आणि पुढच्या प्रत्येक वापराबरोबर ती वाढू शकते. वापरापूर्वी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडा रंग लावून ४८ तास थांबावे, ही वेष्टनावरची सूचना शोभेची नाही. 'हर्बल' या शब्दानेही निर्धास्त होऊ नये. केस काळे ठेवणारी म्हणून नावाजलेली 'हे शौ वू' ही चिनी वनस्पती पोटात घेतल्याने यकृताला इजा झाल्याच्या अनेक नोंदी आहेत.

करून पाहायचेच असेल तर

तर ते नीट करावे. वय पंचविशीच्या आत असेल, केस अचानक पिकू लागले असतील किंवा वर सांगितलेल्यांपैकी एखादे लक्षण असेल तर गोळीआधी डॉक्टरांकडे जावे. रक्तघटकांची तपासणी, बी-१२, फेरिटिन आणि टीएसएच या चाचण्यांतून बरेच कळते. कमतरता सापडली तर उपचार तिच्यावर होतो. तो केसांच्या कोर्सपेक्षा बहुधा स्वस्त असतो आणि केस काळे झाले नाहीत तरी वाया जात नाही.

तपासणीत काही सापडले नाही आणि तरी प्रयोग करायचा असेल, तर एका वेळी एकच गोष्ट बदलावी. गोळी, सीरम, तेल आणि शाम्पू एकदम सुरू केले तर फरक पडला तरी कशाने पडला हे कळत नाही. पहिल्या दिवशी भांगाजवळचा फोटो काढावा. धुतलेल्या, तेल न लावलेल्या केसांचा, खिडकीपाशी, ठरावीक वेळी. दर महिन्याला तसाच फोटो घ्यावा. किती महिने आणि किती रुपये, ही सीमा आधीच लिहून ठेवावी. 'आणखी तीन महिने घ्या' हा सल्ला मग आपल्या नोंदीसमोर टिकतो का ते पाहावे.

यश ओळखण्याची खूणही साधी आहे. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. पिकत चाललेल्या केसाचे टोक काळे आणि मूळ पांढरे असते. रंगपेशी खरोखर पुन्हा कामाला लागल्या असतील तर उलटे दिसेल. टोक पांढरे राहील आणि मुळाकडचे दोन-तीन सेंटिमीटर काळे उगवतील. तीन महिन्यांनंतर असे केस मोजता आले तर फरक पडला. नाही आले, तर जे दिसते ते तेल, प्रकाश किंवा आपली इच्छा. ही कसोटी घरच्या आरशासमोर, एका भिंगाने, फुकट करता येते. पांढरा केस उपटल्याने त्याच्या जागी चार येतात, ही मात्र निव्वळ समजूत. एका मुळातून आलेल्या केसाचा शेजारच्या मुळांशी संबंध नसतो. तरी उपटू नये, कारण त्याने मुळाला इजा होते.

कायद्याची पळवाट

या साऱ्याचा भार एकट्या ग्राहकावर टाकणे न्याय्य नाही. आपल्याकडे १९४५ च्या औषध नियमांतील परिशिष्ट 'जे'मध्ये, जे विकार रोखण्याचा वा बरे करण्याचा दावा औषधाने करू नये, त्यांची यादी आहे. अकाली केस पिकणे त्या यादीत आहे. म्हणजे औषधालाही जो दावा करता येत नाही, त्याची छाया पूरक आहाराची गोळी आणि सौंदर्यप्रसाधन यांच्या जाहिरातींत बिनदिक्कत वावरते. 'पोषण देते', 'रंग टिकवण्यास साहाय्यक' अशा शब्दांत सांगितले की कायदा मोडत नाही आणि ग्राहक समजायचे ते समजतो. पूरक आहाराच्या वेष्टनावर 'औषधी वापरासाठी नाही' असे छापावे लागते. ते इतक्या बारीक अक्षरांत असते की चाळिशी लागलेल्या डोळ्यांना दिसूच नये.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने केंद्रीय प्राधिकरणाला दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींसाठी दहा लाख रुपयांपर्यंत दंडाचा अधिकार दिला आहे. जाहिरात करणारे नामवंतही त्यातून सुटत नाहीत. ग्राहकाला १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार करता येते. या तरतुदी केसांच्या बाजारालाही लागू आहेत, हे यंत्रणेने स्वतःहून दाखवून द्यायला हवे. रंग परत आणण्याचे सुचवणाऱ्या प्रत्येक उत्पादनाकडे एवढेच मागावे: माणसांवर झालेली चाचणी, तिचे निष्कर्ष आणि मूळ काळे व टोक पांढरे असलेला केस.

'हे केस उन्हाने पांढरे झालेले नाहीत' असे आपल्याकडे वडीलधारे अभिमानाने म्हणत आले. तोच पांढरा केस आज नोकरीच्या मुलाखतीत आणि लग्नाच्या बैठकीत लपवावासा वाटतो. तो लपवण्यासाठी रंग आहे, आणि रंग आपण रंग असल्याचे कबूल तरी करतो. गोळी घ्यायची असेल तर ती रक्ताचा अहवाल हातात आल्यावर घ्यावी.